भुवईच्या घेवड्याच्या सुटकेची बखर

ज्या भूमीने बीज पोटात घेतले आणि ज्या तेजाने ते बाहेर ओढिले, त्या उभयतांस साष्टांग नमस्कार करोन पुढे लिहावयास कारण ऐसे जे, स्वामींच्या घरी आज्ञा जाहली की, "सगळ्या बिल्डिंगीला सांगत सुटलाय, तर एकदाच लिहून काढा, म्हणजे माझ्या कानांना विश्रांती मिळेल." आज्ञा राणीसाहेबांची, तेव्हां ती शिरसावंद्य मानोन लेखणी घेतली. दौलतीचा विस्तार म्हणाल तर दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीवरील काही कुंड्या, डबे आणि फुटक्या बादल्या. एवढ्या दौलतीत निराळा बखरनवीस पोसवत नाही, सबब स्वामीही आपणच आणि लिहिणारा सेवकही आपणच. तरी लिहिताना स्वामींची भीड धरिली नाही. घडले तैसे लिहिले.

स्वामी म्हणजे शाळेतून निवृत्त जाहलेले संस्कृताचे शिक्षक. विद्येने जड, गुडघ्यांनी त्याहून जड. तयांनी शाळा सुटल्यावर बागेचे राज्य आरंभिले आणि आसपासच्या इमारतींतील हौशी माळी जमवोन बीज-विनिमय मंडळ म्हणोन फौज उभी केली. वर्षातून एकदा, इमारतीखाली जेथे मोटारी उभ्या राहतात तेथे सतरंजी अंथरावी, आणि ज्याने त्याने आपापले बी पुड्यांत बांधोन आणावे, आणि एकाने भोपळा द्यावा, दुसऱ्याने झेंडू द्यावा, मग चहा घेऊन सर्वांनी आपापल्या मुलखी परतावे, ऐसा रिवाज. मंडळाचा कायदा एकच, तोही स्वामींनीच घातलेला, की ज्याच्या मातीत बी पिकले त्याचा पहिल्या मुठीवर हक्क. ती मूठ त्यास पोहोचल्याविना बाकीच्या दाण्यास कोणी हात लावू नये. मोडील त्यास पुढील साली सतरंजीवर जागा नाही. स्वामींस कायदे करण्याची आवड बहुत. आपणांस ते पाळावे लागतील हा विचार मात्र कधी शिवला नव्हता.

या मंडळाच्या सर्व बियांमध्ये श्रेष्ठ तो भुवईचा घेवडा. दाणा काळा कुळकुळीत आणि त्याच्या कडेस पांढरी रेघ, जणू कोणा म्हाताऱ्याने नापसंतीने भुवई उंचाविली आहे. स्वामींच्या मातुश्रींनी तो जन्मभर परसात लाविला, आणि कोणी न विचारता शेजारी वाटला, आणि विहिरीच्या कठड्यावर चढविला. मग मातुश्री गेल्या, परस गेले, विहीर बुजली, घेवडा तेवढा उरला. तयाच्या दोन शाखा जाहल्या. एक स्वामींच्या गच्चीवर. दुसरी समुद्रापलीकडे, कारण स्वामींच्या थोरल्या भगिनी ताईसाहेब लग्न होऊन परद्वीपी गेल्या तेव्हां रुमालात बांधोन मूठभर दाणे घेऊन गेल्या. त्या काळी त्यांस कोणी हटकिले नाही.

पुढे गतसाली स्वामींस दानशूरपणाची लहर आली. सतरंजीवर बैसोन, सभोवती लोक पाहत आहेत ऐसे पाहोन, तयांनी घरातील घेवड्याचा डबा उपडा केला आणि आपणांपाशी एक दाणाही न ठेविता सर्व वाटोन टाकिला. लोकांनी वाहवा केली. स्वामी तीच पांघरोन झोपले. मग यंदा बी परत मागण्याची वेळ आली तो कळले की, निवृत्त पोस्टमास्तरांनी बी लाविले आणि ते मुलीकडे राहावयास गेले, तों रोपे उन्हाने वाळली, दंतवैद्यांच्या गॅलरीत कबुतरांनी धाड घालोन सर्व फस्त केले, आणि तळमजल्यावरच्या काकूंनी तर स्वामींस जिन्यात गाठोन सांगितले, "गुरुजी, तुमचा घेवडा काय चवीचा होता हो! आणखी आहे का?" बाकीच्यांकडे जासूद पाठविले, ते रिक्त हस्ते परतले. ऐसी गच्चीवरील शाखा निर्वंश जाहली. स्वामींनी त्या दिवशी भात नुसताच कालवला, जेविले नाहीत.

मग ताईसाहेबांस फोन केला. तिकडून वर्तमान आले ते अधिकच कठीण.

"अरे, मी लेकीकडे राहायला चाललेय कायमची. तिच्याकडे गॅलरी नाही, खिडकीसुद्धा धड उघडत नाही. आहे नाही ते सगळं बी तुला पाठवते. मी ठेवून करू काय?"

"सगळं पाठव. पण ताई, लाल माती चोळून पाठव, आई चोळायची तशी."

"आई राख चोळायची रे."

"माती. शास्त्रात आहे."

"कुठल्या?"

"आहे गं. तू चोळ."

"लहानपणापासून असाच आहेस," ऐसे बोलोन ताईसाहेबांनी फोन ठेविला, आणि धाकट्याचा हट्ट पुरविण्याची सवय जुनी, म्हणोन आपल्या बादलीतील माती उकरोन, वाळवोन, दाण्यांस चोळिली आणि पाकीट बांधिले, आणि वर 'आत काय आहे' या जागी प्रामाणिकपणे 'आईचा घेवडा' ऐसे लिहोन रवाना केले. मोहिमेचा पाया येथे घातला गेला. कोणी घातला तेही वाचकांनी ध्यानी ठेवावे.

पुढे कितीएक दिवस वाट पाहिली. पाकीट आले नाही, फर्मान आले. परमुलखीहून येणाऱ्या झाडाबियांची झडती घेणारी सरकारी कचेरी, तिची मोहर. आत लिहिले होते की, बी मागविण्यापूर्वी येथील सरकारचा परवाना घ्यावा लागतो, तो नाही. बी निरोगी आहे ऐसा तेथील सरकारचा दाखला बरोबर लागतो, तोही नाही. त्यावर पाकिटात माती सापडली, आणि परमुलखीची माती आणणे मुळीच मना आहे. तरी मुदतीत हजर होऊन जाब द्यावा. न आल्यास माल जाळोन नष्ट करण्यात येईल.

'जाळोन' या शब्दापाशी स्वामी जिन्याच्या पायरीवर बैसले. शब्द शुद्ध होता, व्याकरणात खोट नव्हती, तरी वाचवेना.

मग गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मसलत बैसली. पोस्टमास्तरांनी गनिमी कावा सुचविला. "अर्जबिर्ज कशाला करताय? माझा मेव्हणा येतोच आहे तिकडून. मोज्यात घालून आणेल." त्यावर दंतवैद्य बोलिले, "मोजा कशाला, साबणाच्या डबीत मावतं. मी आणलंय ना. कोण बघतंय?"

राणीसाहेब तेथेच दोरीवर चादरी वाळत घालीत होत्या. चादरीपलीकडून आवाज आला.

"मी बघितलंय ना, डॉक्टर. तुमच्या सुटकेसमधून ती लिंबाची फांदी आली, आणि पावसाळा संपायच्या आत गच्चीवरचं लिंबाचं एकूण एक झाड त्या फांदीच्या रोगानं पिवळं पडून मेलं. माझं पण. बी रुजत घातल्यापासून वाढवलं होतं मी ते. आणि तुम्ही काय म्हणालात? 'पाणी जास्त झालं असेल, वहिनी.'"

दंतवैद्यांचे मुख उघडेच राहिले, जे नेहमी इतरांचे राहते. पोस्टमास्तर टाकीचा नळ गळतो काय ते पाहू लागले. मग स्वामींनी सांगितले की, मेव्हण्याने मोज्यात घालावे तरी काय, ताईपाशी एक दाणा शिल्लक नाही. जे आहे ते त्या पाकिटात, आणि पाकीट त्या कचेरीत. ते जळाले तर आईचा घेवडा पृथ्वीच्या पाठीवर नाही. राणीसाहेबांनी चादरीस चिमटा लाविला आणि हुकूम केला, "उद्या जा. सरळ दारातून जा. आणि तिथं जाऊन व्याख्यान देऊ नका."

दुसरे दिवशी प्रातःकाळी स्वारी बाहेर पडली. अंगात इस्त्रीचा सदरा, हाती छत्री, खांद्यास पिशवी, आणि पिशवीत शत्रूस नजराणा म्हणोन मोगऱ्याचे रोप कुंडीसहित. पोस्टमास्तर पिछाडी सांभाळावयास संगे येणार होते, परंतु तयांस ऐन वेळी गॅस सिलिंडरची वाट पाहणे प्राप्त जाहले. स्वारी एकटीच बसमध्ये चढली, उभ्याने प्रवास केला, आणि वाटेत दोन श्लोक घोळोन तयार केले. कचेरीच्या महाद्वारी पोहोचते तों पहारेकऱ्याने रोखिले.

"पिशवीत काय आहे?"

"नजराणा."

"काय?"

"मोगरा."

"झाडं आत न्यायची नाहीत, काका. हे झाडांचंच क्वारंटाइन आहे. पाटी वाचा."

पाटी स्वामींच्या डोक्याहून मोठी होती आणि नेमकी डोक्यावरच होती. मग नजराणा पहारेकऱ्याच्या स्टुलाखाली ठेवोन, रित्या पिशवीनिशी, किल्ल्यात प्रवेश केला.

आत निरीक्षिकाबाई अधिकारी. वयाने स्वामींच्या धाकट्या विद्यार्थिनीएवढ्या, पांढरा कोट, केसांत पेन खोचलेले. स्वामींची अपेक्षा की 'महाशय' म्हणतील. बाई म्हणाल्या, "या आजोबा, बसा. पाणी घ्या आधी." अर्धी लढाई येथेच हरली.

तरी हिंमत धरोन स्वामींनी पहिला श्लोक सोडिला, की बीज हे सर्व प्राणिमात्रांचे, तयास सीमा नाही, जो अडवील तो दोषी. बाईंनी शांतपणे ऐकोन घेतिला आणि विचारिले, "छान आहे. कुठल्या ग्रंथातला?" हा सवाल अपेक्षित नव्हता. श्लोक बसमध्ये जाहला होता. स्वामींनी पाणी घेतले.

मग बाईंनी टेबलावर काचेची बंद डबी ठेविली आणि भिंग पुढे केले. आत एक करडा भुंगा, तिळाएवढा, काचेच्या भिंतीवरोन चालत होता, जणू वतन त्याचेच आहे.

"हा तुमच्या पाकिटातून निघाला. दाण्याच्या आत वाढतो. बाहेरून दाणा चांगला दिसतो आणि आतून पोकळ. हा आपल्याकडे अजून नाहीये, आजोबा. मला तो नकोय इथं. आणि ती माती, तिच्यात काय काय असेल ते तपासायलाच महिना जाईल. बियांना माती कशाला लावली पण?"

स्वामींस या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते आणि ते टेबलाच्या अलीकडे बसले होते. तयांनी दुसरा श्लोक काढिला नाही. समोरच्या डबीत राणीसाहेबांचे लिंबू पिवळे पडत आहे ऐसे काहीसे दिसले.

बाईंनी पुढे नियम कळविला की, दोन वाटा आहेत, एक तर पाकीट जिथून आले तिथे परत धाडावे, नाही तर जाळावे. स्वामी उठावयास लागले, मग पुनः बैसले, आणि त्या सकाळी प्रथमच साध्या बोलीत बोलिले.

"बाई, परत कुणाला पाठवू? ताई घर सोडून गेली. हे आईचं आहे. आणखी कुठंच नाही. मीच सगळं वाटून बसलो हो."

बाईंनी केसांतले पेन काढिले, पुनः खोचिले. मग खिडकीबाहेर बोट दाखविले. अंगणापलीकडे काचेचे घर, त्यास दार आणि दाराच्या आत आणखी दार.

"तिसरी वाट आहे. लांब आहे. परवान्यासाठी आता अर्ज करायचा, मी शिफारस करते. मिळाला तर किडलेले सगळे जाळणार, माती जाळणार, आणि चांगले दाणे निघाले तर ते धुऊन तिथं आत लावणार. वेल निरोगी राहिला तर त्याच्या शेंगा तुमच्या. रोग दिसला तर मुळासकट भट्टीत. तेव्हा भांडायचं नाही. आणि चांगले निघतीलच असं मी सांगत नाही. चालेल?"

तह जाहला. स्वामींनी अर्ज लिहिला. बाईंनी त्यातील विशेषणे खोडविली, मग तो एका पानात मावला. पुढे परवाना आला, आणि किडका माल जाळावयास नेला तेव्हां स्वामी मागल्या अंगणात उभे राहिले. बाईंनी जाऊ नका म्हटले होते, तरी उभे राहिले. धूर सरळ वर गेला. उरले ते चिमूटभर दाणे, बाईंच्या तळहातावर, पांढऱ्या भुवया उंचावोन स्वामींकडेच पाहत असलेले.

येणेप्रमाणे भुवईचा घेवडा नजरकैदेत पडिला. घरी ताईसाहेबांचा फोन आला तो, "राख लावली असती तर भुंगा फिरकला नसता. आई उगाच लावायची का? तुला तेव्हा वाटायचं ती मातीशी खेळतेय." स्वामींनी रेंज नाही ऐसा बहाणा केला. फोनचा आवाज मोठा होता, राणीसाहेबांनी सर्व ऐकिले होते, आणि घेवड्याचा रिता डबा घासोन स्वामींपुढे ठेविला. हे बोलण्याहून भारी पडले.

मग दर आठवड्यास बंदीची भेट घ्यावी ऐसा शिरस्ता पडला. आत जाण्यास मनाई. काचेबाहेर उभे राहावे आणि पाहावे. पहिल्याने माती, मग मातीच, मग एके दिवशी वाकडी मान काढोन अंकुर. पहारेकरी आता झडती घेईना, उलट विचारू लागला, "काय काका, आज किती वाढला?" मोगरा स्टुलाखालोन काढोन तयाने फाटकाशी उन्हात ठेविला होता. एकदा बाई आत वेलास दोरी बांधीत होत्या, ती आडवी बांधिली. घेवडा आडवा जात नाही, उभा जातो. स्वामी काचेबाहेरोन दोन्ही हात उंच करोन, वर, वर, ऐसे खुणावू लागले. बाईंनी पाहिले, हसल्या, आणि हात हालवोन निरोप दिला. स्वामींनी पुनः हात उंच केले. बाईंनीही केले. ऐसे कितीएक वेळ चालले, मग माळ्याने येऊन स्वामींस विचारिले की पाठ धरली आहे काय. पुढल्या खेपेस पाहतात तों घेवडा आडव्या दोरीवरोन आपण होऊन छताकडे निघाला होता. तयास कोणाची मसलत लागली नाही.

ऋतु पालटला. पाने तपासिली, मुळे तपासिली, एकदा एका पानावर डाग निघाला तेव्हां स्वामींचे जेवण सुटले; तो डाग पाण्याच्या थेंबाने उन्हात पडला ऐसे निष्पन्न जाहले. मग जांभळी फुले आली, शेंगा धरल्या, वाळल्या, आणि एके दिवशी फर्मान आले की वेल निर्दोष, शेंगा घेऊन जाव्या.

त्या दिवशी राणीसाहेबही संगे निघाल्या. बाईंनी पिशवी हाती दिली. स्वामींनी ती छातीशी धरिली, आभाराचे भाषण आरंभिले, आणि फाटकाकडे वळले, तों राणीसाहेबांनी बाही ओढिली.

"पहिली मूठ?"

"कसली?"

"ज्याच्या मातीत पिकलं त्याची. कायदा तुम्हीच केलाय ना? पोस्टमास्तरांना मागे एकदा सतरंजीवरून उठवलं होतंत त्यापायी."

स्वामी मधोमध थांबले. मग परत फिरोन पिशवीत हात घातला, मूठ भरिली आणि बाईंपुढे केली. बाई दोन पावले मागे सरल्या.

"नाही नाही, आजोबा. अर्जदाराकडून आम्हाला काही घेता येत नाही. पेनसुद्धा नाही. नियम आहे."

"आमचाही आहे," स्वामी म्हणाले.

दोन नियम समोरासमोर उभे राहिले आणि कोणीही हटेना. मूठ तैसीच अधांतरी राहिली. उघडावी तर कायदा मोडतो, मिटावी तर कायदा मोडतो. बाईंनी मुठीकडे पाहिले. तीत काय आहे आणि ते कोणी वाढविले हे तयांस ठाऊक होते. तरी हात पुढे केला नाही.

मग राणीसाहेबांनी पुशिले, "तुमचं हे कुंपण कुणाचं आहे?"

"सरकारचं."

"माती?"

"सरकारचीच."

"मग ज्याच्या मातीत पिकलं त्यालाच देऊ या की. तुम्ही घेऊच नका."

निरीक्षिकाबाईंनी क्षणभर विचार केला, आत जाऊन आपल्या वरिष्ठांस विचारिले, आणि परत आल्या त्या हाती खुरपे घेऊन. पहारेकऱ्याने फाटकाशी मोगऱ्याशेजारची जागा साफ केली. स्वामी गुडघ्यांची तक्रार न ऐकिता जमिनीवर बैसले आणि पहिली मूठ शत्रूच्या मातीत पेरली. दोरी बाईंनीच बांधिली. उभी.

फत्तेची नोंद येणेप्रमाणे: अमुक ऋतूत, स्वामींनी परमुलखीच्या बियांची कचेरी ऐसा बळकट किल्ला गाठोन तेथे आपले निशाण चढविले. निशाण हिरवे, त्यास जांभळी फुले, आणि हल्ली ते फाटकाच्या कमानीवरोन 'झाडे आत नेण्यास सक्त मनाई' या पाटीस अर्धे झाकोन आहे. पहारेकरी दर आठवड्यास पाटीपुरते छाटतो. मंडळाच्या कायद्यास दुसरे कलम जोडिले की, परमुलखीचे बी मागविणे ते आधी परवाना आणि दाखला घेऊनच. आणि दंतवैद्यांची सुटकेस प्रवासाहून परत येताच राणीसाहेबांसमक्ष उघडावी. दंतवैद्यांनी त्याखाली सही केली आणि लिंबाचे एक रोप, रोपवाटिकेतून निरोगी पाहोन आणलेले, राणीसाहेबांच्या दारी ठेविले. 'पाणी बेतानेच घाला' हे वाक्य तयांनी गिळिले ऐसे पाहणारे सांगतात. ताईसाहेबांस फोनवर वेल दाखविला. तयांनी पुष्कळ वेळ पाहिला, नाक ओढिले, आणि इतकेच विचारिले, "डब्यात ठेवताना काय लावणार आहेस?"

या मोहिमेत मूळ शत्रू कोण याचाही तपास केला. तो स्वारीबरोबर त्याच बसने गेला, त्याच बसने परत आला, आणि आता हे लिहीत बैसला आहे ऐसे आढळले. तयास राणीसाहेबांनी माफी दिली आहे. घेवड्याचा डबा समोर आहे, अर्धे दाणे चोळोन जाहले, अर्धे राहिले, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत राखेने भरले असल्याकारणे लेखणी निसटते, सबब येथेच ठेविली असे.